उचल, ठेव

दोनच क्रिया, बाकी सगळा हिशोब.
उचल: मेमरीतून रजिस्टरमध्ये.
ठेव: रजिस्टरमधून मेमरीत.
मॅन्युअलात त्यांची नावं वेगळी आहेत,
पण सातपूरच्या आमच्या ऑफिसात, पंपाच्या वर्कशॉपवर,
यास्मिन अत्तारनं पहिल्याच दिवशी फळ्यावर हीच लिहिली
आणि पुसायची हिंमत कुणी केली नाही.

आमच्या चिपला रजिस्टरं आठ.
आठ म्हणजे किती थोडी, ते कंपायलर लिहिताना कळतं.
ओट्यावर आठ वाट्या आणि स्वयंपाक लग्नाचा.
नववं काही आलं की एक वाटी रिकामी करायची,
तिच्यातलं खाली नेऊन ठेवायचं, पत्ता ध्यानात धरायचा,
लागलं की पुन्हा उचल.

उचलीची गंमत अशी की मूळ जागा रिती होत नाही.
कारखान्यात उचल घेतली तर पगारातून कापतात;
इथे आकडा वर येतो
आणि खालीही तसाच बसून राहतो.
ठेव मात्र बँकेतल्यासारखी नाही.
आधीचं जे असेल त्याच्या उरावरच बसते,
आवाज न करता.

वरच्या वर एक ठोका. खाली जाऊन यायला शंभर.
म्हणून मी एक सुधारणा लिहिली:
फेरीत जे बदलत नाही
त्याची उचल फेरीबाहेर काढायची.
एकदा बघायचं, मग रजिस्टरवर विश्वास.
वेग तिप्पट झाला. साहेबांनी चिवडा मागवला.

मार्चात, रात्री अडीचला,
पिंपळगावच्या शीतगृहातून सुकदेव ढोमसेंचा फोन.
"मॅडम, काचेवर एकच डिग्री दाखवतंय,
पण आत हात घातला तर गार लागत नाही."

सेन्सर बिचारा खाली मेमरीत लिहीत होता.
तीन. सहा. नऊ.
वर रजिस्टरात संध्याकाळची एक डिग्री,
आणि फेरी फिरतेय, सेकंदाला लाखदा,
स्वतःलाच विचारतेय
किती? एक.
किती? एक.
कंप्रेसर निवांत.

उजाडता पोचले. ढोमसे रागावले नाहीत.
एक घड उचलून हलकेच हलवला फक्त,
आणि मणी खोक्यात गळत राहिले.
देठ तपकिरी. निर्यातीचा माल.
मी म्हणाले, चूक माझी आहे.
ते म्हणाले, दिसत होतं ना काचेवर.

त्या रविवारी रामकुंडावर मामाकडे गेले.
मामाकडे यजमानांच्या वह्या, लाल फडक्यात बांधलेल्या.
जालन्याचा कुणी आला, गाव सांगितलं, आडनाव सांगितलं,
मामानं चार पिढ्या तोंडपाठ म्हणून दाखवल्या
आणि तरी गाठ सोडू लागला.
पाठ आहे की, मी म्हटलं. कशाला उघडतोस?
"पाठ माझं. वही चौघा भावांची.
परवा धाकट्यानं काय लिहिलं असेल, मला काय माहीत?"

होतंच लिहिलेलं. धाकट्याच्या तिरक्या अक्षरात,
शाई अजून काळीभोर:
पुतण्या येऊन गेला होता. मुलगी झाली. नाव ईशावास्या.
जालन्याचा माणूस थोडा वेळ घाटाकडे बघत बसला.
मग म्हणाला,
परत वाचा.

सोमवारी मी एक ओळ हलवली.
हलवली म्हणजे खरंच हलवली, बाहेरची आत,
तिथे मागे काही उरलं नाही.
त्या पत्त्यावर शिक्का मारला:
इथे दुसरंही कुणी लिहितं,
वरचं खरं धरू नये.
वेग गेला. चिवडा कुणी परत मागितला नाही.

पिंपळगावला आता फेरीगणिक
कुणीतरी खाली उतरतं, बघतं, वर येतं.
नुसतं बघायलाच.
बहुतेक वेळा एकच डिग्री असते.

ढोमसे तरीही झोपायच्या आधी
दार किलकिलं करून
हात घालून बघतात.